शिलाई मशीन पुरतं का? हेरवाडच्या ठरावाने विधवा महिलांच्या मदतीबद्दल काय दाखवून दिलं

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातलं एक गाव अचानक देशभरच्या बातम्यांत झळकलं. शिरोळ तालुक्यात, कुरुंदवाडजवळ, कर्नाटकच्या सीमेलगत असलेलं हेरवाड. ऊस, नदी आणि दर दोन-चार वर्षांनी येणारा महापूर, ही या पट्ट्याची ओळख. या गावाच्या ग्रामसभेने एक ठराव केला: पतीच्या निधनानंतर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, पायातली जोडवी काढणं आणि तिला सण-समारंभापासून दूर ठेवणं, हे सगळं गावात बंद.

मोबाईलवर ती बातमी अनेकांनी वाचली, शेअर केली आणि "खूप छान निर्णय" म्हणून पुढे गेले. पण या ठरावाकडे जरा थांबून बघायला हवं. गरीब घरातल्या महिलांसाठी काम करणाऱ्या संस्था, ट्रस्ट आणि दानशूर मंडळी वर्षानुवर्षं जे वाटत आली आहेत, त्यात नेमकं काय कमी पडतं हे हेरवाडने एका पानात सांगितलं.

मदत पोचते, मग अडतं कुठे?

विधवा किंवा एकल महिलेला मदत म्हटलं की तीन गोष्टी ठरलेल्या असतात. शिलाई मशीन, किराण्याचं किट आणि साडी. मागे बॅनर, पुढे फोटो. यातली एकही गोष्ट वाईट नाही. नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात किराणा किटची किंमत ज्या घराने पाहिली आहे, त्यालाच ती कळते.

प्रश्न दुसऱ्या महिन्यापासून सुरू होतो. समजा, मशीन मिळालं. ब्लाऊज शिवायचे तर गिऱ्हाईक हवं. खेड्यात हे गिऱ्हाईक येतं कुठून? लग्नघरातून, हळदी-कुंकवातून, डोहाळजेवणातून, बारशातून. बायकांचं हे येणं-जाणं म्हणजे नुसता सण नसतो, तो त्यांचा बाजारही असतो. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाला पापड हवेत, कुठल्या बचत गटात जागा आहे, ही सगळी माहिती तिथेच मिळते. ज्या बाईला अशा ठिकाणी बोलावतच नाहीत, तिच्या मशीनला काम कसं येणार? शुभकार्याचं कापड तिच्याकडे टाकताना कुणी दोनदा विचार केला, तर त्या मशीनची किंमत तिथेच निम्मी होते.

दुसरी बाजू सुरक्षिततेची. मोकळं कपाळ आणि मोकळा गळा ही खेड्यात एक जाहिरात ठरते: या घरात पुरुष नाही. रात्री शेतात पाणी पाजायला जाणं, आठवडी बाजारात मालाची पाटी घेऊन बसणं, बँकेत एकटीने जाणं, अशी साधी कामं त्यामुळे अवघड होतात. म्हणजे कुंकू पुसण्याचा संबंध फक्त भावनेशी नाही. तो थेट कमाईशी आहे.

हेरवाडमध्ये हे घडलं कसं?

या ठरावामागे दोन गोष्टी एकत्र आल्या. एक म्हणजे करोना. कर्ते पुरुष गेले आणि मागे पंचविशी-तिशीतल्या विधवा राहिल्या. साठीच्या बाईबरोबर गाव जे करतं, तेच जेव्हा तान्हं मूल कडेवर असलेल्या मुलीबरोबर व्हायला लागलं, तेव्हा बघणाऱ्यांनाही ते जड गेलं.

दुसरी गोष्ट म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांची मोहीम. त्यांनी सुरुवात स्वतःपासून केली. आपल्या मृत्यूनंतर आपल्या पत्नीवर या प्रथांची सक्ती होऊ नये, असं त्यांनी स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं. मग हा विषय ग्रामपंचायतींनी हाती घ्यावा म्हणून ते मागे लागले. हेरवाडचे तेव्हाचे सरपंच सुरगोंडा पाटील आणि त्यांच्या ग्रामपंचायतीने तो मनावर घेतला.

वेळही अचूक होती. ६ मे २०२२ रोजी राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं होत होती आणि जिल्हाभर त्याचे कार्यक्रम सुरू होते. हेरवाडपाठोपाठ हातकणंगले तालुक्यातल्या माणगावनेही तसाच ठराव केला. हेच ते माणगाव, जिथे मार्च १९२० मध्ये शाहू महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका परिषदेच्या व्यासपीठावर आले होते. त्यानंतर १७ मे २०२२ रोजी राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढलं आणि हेरवाडचा कित्ता राज्यातल्या इतर ग्रामपंचायतींनी गिरवावा, असं आवाहन केलं. ग्रामविकास खातं तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कागलचे आमदार हसन मुश्रीफ यांच्याकडे होतं.

इथे एक फरक समजून घ्यायला हवा, कारण सोशल मीडियावर "महाराष्ट्रात विधवा प्रथेवर बंदी" असे मथळे फिरले होते. ग्रामसभेचा ठराव हा गावाने स्वतःला घालून घेतलेला नियम असतो. परिपत्रक म्हणजे सरकारने खालच्या यंत्रणेला दिलेली सूचना. या दोन्हींमध्ये शिक्षेची तरतूद नसते. तेराव्याला कुणी जबरदस्तीने बांगड्या फोडल्या, तर ठराव दाखवून कुणाला तुरुंगात टाकता येत नाही. म्हणूनच झिंजाडे आणि इतर कार्यकर्ते वेगळ्या कायद्याची मागणी करत आले. जादूटोण्याविरुद्ध २०१३ मध्ये आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये महाराष्ट्राने कायदे केले, त्याच धर्तीवर.

मग ठरावाचा उपयोग काय? बराच आहे. आजवर "नको" म्हणणारी एकटी सून विरुद्ध सगळी भावकी, असा सामना असायचा. आता तिच्या बाजूने गावाचा शिक्का असलेला कागद आहे. दीर किंवा सासू मनातून तयार असेल, पण "लोक काय म्हणतील" म्हणून गप्प असेल, तर त्यांनाही बोलायला जागा मिळते. आणि मशीन वाटणाऱ्या संस्थेला जे कधीच जमलं नसतं, ते गावाने एक रुपयाही खर्च न करता केलं.

काहींनी आक्षेपही घेतला, आणि तो रास्त आहे. मंगळसूत्र हीच मुळात लग्नाची खूण, ती ठेवू देण्यात कसली मुक्ती? नवरा असो-नसो, बाईची ओळख गळ्यातल्या मण्यांवरून का व्हावी? मुद्दा बरोबर आहे. पण हेरवाडच्या ठरावाचा अर्थ "घालायलाच हवं" असा नाही, "काढायला लावायचं नाही" असा आहे. काढायचं की ठेवायचं, हे तिने ठरवायचं. खेड्यातल्या बाईसाठी हे वाक्य वाटतं तितकं लहान नाही.

शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न राजवाड्यात आला होता

कोल्हापूरला हा विषय नवा नाही. शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, १९१९ मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा आणला आणि १९२० मध्ये देवाला मुली सोडण्याच्या, म्हणजे जोगतिणी-मुरळीच्या प्रथेला प्रतिबंध केला. ब्रिटिश मुलखात १८५६ पासून विधवा विवाहाला कायद्याने मान्यता होती, पण संस्थानाने स्वतःचा कायदा करणं वेगळं.

याच काळात हा प्रश्न त्यांच्या घरातही आला. धाकटे पुत्र प्रिन्स शिवाजी यांचा जून १९१८ मध्ये शिकारीच्या वेळी अपघाती मृत्यू झाला. त्यांच्या पत्नी इंदुमती राणीसाहेब तेव्हा अगदी लहान होत्या, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. रूढीप्रमाणे त्यांचं उरलेलं आयुष्य राजवाड्याच्या एका कोपऱ्यात गेलं असतं. महाराजांनी सुनेला सोनतळी कॅम्पवर ठेवून तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. तिने डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती. १९२२ मध्ये महाराज गेले आणि ती इच्छा राहून गेली, तरी इंदुमतीदेवी पुढे मॅट्रिक झाल्या आणि नंतर कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणासाठी काम करत राहिल्या.

राजाच्या सुनेची आणि हेरवाडच्या शेतमजूर बाईची तुलना होत नाही, हे उघड आहे. पण पैसा, मान, नोकर-चाकर सगळं असलेल्या घरातही विधवेला शिकू देण्यासाठी सासऱ्याला रूढीच्या बाहेर पाऊल टाकावं लागलं. मग नुसत्या पैशाने हा प्रश्न सुटेल असं मानायचं कशाच्या आधारावर?

कोल्हापुरातच याचं आणखी एक उदाहरण आहे. गडहिंग्लज आणि सीमाभागात यल्लम्माला मुली सोडण्याची प्रथा कायद्यानंतरही कित्येक दशकं चालू राहिली. तिच्याविरुद्ध १९७५ मध्ये गडहिंग्लजला डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने परिषद झाली, प्रा. विठ्ठल बन्ने यांच्यासारखे कार्यकर्ते पुढे अनेक वर्षं तिथे काम करत राहिले. तिथेही सर्वात चिवट अडचण पैशाची नव्हती. देवदासीच्या मुलीला शाळेत घालायचं, तर दाखल्यावर वडिलांचं नाव काय लिहायचं? वह्या, दप्तर, गणवेश सगळं कुणीतरी देईल, पण फॉर्मवरची ती एक रिकामी जागा? आता मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव लिहिणं महाराष्ट्र सरकारने बंधनकारक केलं आहे. हा निर्णय व्हायला २०२४ साल उजाडावं लागलं.

खरी लढाई सातबाऱ्यावर

हेरवाडच्या ठरावाने कपाळाचा प्रश्न घेतला. त्याच्या मागे उभा असलेला मोठा प्रश्न कागदाचा आहे, आणि गरीब घरातल्या विधवेसाठी काम करू पाहणाऱ्याने तो समजून घेतलाच पाहिजे.

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस असतात आणि प्रत्येकाला सारखा वाटा मिळतो. समजा, नवऱ्याने स्वतः घेतलेली दोन एकर जमीन आहे. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि सासू आहे. म्हणजे प्रत्येकी वीस गुंठे. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिशेब आणखी एक पायरी मागून सुरू होतो, पण तिचा वाटा उडत नाही. जमीन अजून सासऱ्यांच्या नावावर असेल, तर त्यांच्या पश्चात आधी वारलेल्या मुलाची विधवा म्हणूनही ती वारसच असते. पुनर्विवाह केला म्हणून आधी मिळालेला वाटा परत जात नाही, हेही अनेकांना माहीत नसतं. उलट "दुसरं लग्न केलंस तर जमिनीवर पाणी सोडावं लागेल" हीच धमकी दिली जाते.

कायद्यात इतकं स्पष्ट असूनही प्रत्यक्षात होतं असं. तेराव्यानंतर घरातलं कुणीतरी तलाठ्याकडे जातं. तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी. वारस नोंदीच्या अर्जात सुनेचं नाव सुटतं. किंवा नाव लागतं आणि सहा महिन्यांनी "एक सही कर, कर्ज काढायचंय" म्हणत हक्कसोडपत्र पुढे येतं. हक्कसोडपत्र नोंदणी केलेलं असावं लागतं, म्हणजे तिला दुय्यम निबंधक कार्यालयात नेलं जातं आणि तिथे ती "माझी हरकत नाही" म्हणून सही करते. पुढे घरातून बाहेर काढलं, तर हातात काहीच उरत नाही.

घरातून बाहेर काढण्याबद्दलही एक गोष्ट माहीत असायला हवी. हेरवाडचा ठराव आणि सरकारचं परिपत्रक यांच्या मधल्या दिवसांत, १२ मे २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने प्रभा त्यागी विरुद्ध कमलेश देवी या खटल्यात निकाल दिला. खटला एका विधवेचाच होता. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली तिला सासरच्या सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, त्या वेळी ती प्रत्यक्ष तिथे राहत नसली तरीही, असं न्यायालयाने सांगितलं. हेरवाडची बातमी व्हायरल झाली, ही झाली नाही. खरं तर दोन्ही एकत्र फिरायला हव्या होत्या.

कागदावर बाईचं नाव यावं म्हणून महाराष्ट्रात आधीही चळवळ झाली आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास 'लक्ष्मी मुक्ती' मोहीम चालवली. नवरा जिवंत असतानाच शेतकऱ्यांनी जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करावा, अशी ती कल्पना होती. वारस म्हणून भांडत बसण्यापेक्षा हे किती सोपं!

सरकारी योजना आहेत, पण त्यांचं गणित बघा

गरीब विधवेसाठी योजना नाहीत असं नाही. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातली १८ ते ५९ वयाची कमावती व्यक्ती वारली, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. बाल संगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या मुलासाठी महिन्याला २,२५० रुपयांची तरतूद आहे. करोनाने विधवा झालेल्या महिलांसाठी २०२१ मध्ये हेरंब कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी केली आणि सरकारनेही 'मिशन वात्सल्य' सुरू केलं. त्या वेळी कार्यकर्त्यांचा मोठा वेळ नवीन काही मागण्यात गेला नाही, तो असलेल्या योजनांचे अर्ज भरून घेण्यात गेला.

यातली सर्वात जुनी आधाराची योजना म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान. महिन्याला १,५०० रुपये. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. वर्षाचे २१,००० म्हणजे दिवसाला ५८ रुपयेही नाहीत. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या दराने एखादी बाई वर्षात ७१ दिवस कामाला गेली, की ती या योजनेतून बाद. म्हणजे जी बाई हिंमत करून कामाला बाहेर पडते, तिच्यासाठीच दार बंद होतं. मग उत्पन्नाचा दाखला "जमवून" आणावा लागतो, आणि त्यासाठी कुणाच्या तरी पाया पडावं लागतं.

मग संस्थांनी करायचं काय?

कोल्हापुरात याचीही उदाहरणं आहेत. कांचन परुळेकर यांनी उभ्या केलेल्या 'स्वयंसिद्धा'ने महिलांना उद्योग शिकवताना माल विकायचा कसा हेही शिकवण्यावर भर दिला. वस्तू बनवणं तसं सोपं, गिऱ्हाईकाच्या डोळ्यात बघून भाव सांगणं अवघड. अनुराधा भोसले यांच्या 'अवनि'ने वीटभट्टीवरच्या आणि ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेचा प्रश्न लावून धरला, कचरा वेचणाऱ्या महिलांमध्ये काम केलं. वीटभट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो, म्हणजे शाळेचं जवळजवळ अख्खं वर्ष बुडतं. त्यात मुलगी असेल तर धाकट्या भावंडाला सांभाळायला तीच घरी थांबते. अशा मुलीला दप्तर वाटून काय होणार? शाळाच भट्टीपर्यंत न्यावी लागते, आणि धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागतं.

या सगळ्या कामांचा फोटो चांगला येत नाही, ही त्यांची मोठी अडचण. तहसील कार्यालयाच्या चौथ्या फेरीचा फोटो कोण टाकणार? पण एखाद्या विधवेच्या घरी पहिल्या महिन्यात गेलेल्या माणसाने किराण्याबरोबर तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ होतं. मृत्यूची नोंद झाली का? ती २१ दिवसांत करायची असते. जमीन असेल तर वारस नोंदीचा अर्ज कुणी दिला आणि त्यात तिचं नाव आहे का? महसूल कायद्याप्रमाणे मिळालेल्या हक्काची माहिती तीन महिन्यांत द्यायची असते. आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर घर कुणाच्या नावावर आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरातल्या कुणालाच माहीत नसणं, हे फार नेहमीचं आहे.

यासाठी लागणारा पैसा किरकोळ असतो. एसटीचं भाडं, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र, गरज पडली तर वकिलाची एक फी आणि त्या दिवशीची बुडालेली मजुरी. बहुतेक संस्थांच्या अंदाजपत्रकात 'साहित्य वाटप' हा रकाना असतो. 'तहसीलच्या फेऱ्या' असा रकाना क्वचितच दिसतो.